मागे घेतलेला राजीनामा

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. एवढे आपण शाळेत शिकलेले असतो. पण या यजमानात आणि पाहुण्यात सहा महिन्यांपूर्वी काय घडले होते, ते सहसा कोणी सांगत नाही. २९ जून १९३६ रोजी वर्ध्याहून नेहरूंच्या नावे एक पत्र निघाले होते. काँग्रेसच्या कार्यकारिणीतल्या सात जणांचा तो सामुदायिक राजीनामा होता. राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई पटेल, राजगोपालाचारी, जमनालाल बजाज, कृपलानी, जयरामदास दौलतराम यांच्या सह्या त्यावर होत्या, आणि सातवी सही शंकरराव देवांची होती.

तुमच्याबरोबर काम करणे आम्हांला जमत नाही, असे ज्याने अध्यक्षाला लेखी कळवले, तोच माणूस सहा महिन्यांनी त्याच अध्यक्षासाठी बांबूची कमान उभारून दारात उभा राहिला. कोणी याला तडजोड म्हणेल, कोणी नुसते राजकारण म्हणून सोडून देईल. मला मात्र बलाढ्य नेत्याला खरे ऐकवण्याची मराठी मुलखातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते. तिच्यात एकही नाट्यपूर्ण प्रसंग नाही आणि कदाचित म्हणूनच ती कोणी सांगत नाही.

आपल्या मनात 'नेत्याला स्पष्ट बोलणारा माणूस' म्हटले की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका रघुनाथराव गादीवर आले. त्यांनी प्रायश्चित्त काय ते विचारले, तेव्हा देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही, असे न्यायाधीशाने तोंडावर सांगितले. आणि या राज्यात पाणीही पिणार नाही म्हणत शास्त्रीबुवा पुणे सोडून वाईकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. नाटकांत आली, सिनेमात आली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये आली. ती तशी यावी इतकी मोठी आहेच. समोर खुनाचा आरोपी सिंहासनावर बसलेला असेल तर न्यायाधीशाने दुसरे काय करायचे? पुढे बारभाईंचा कारभार आला तेव्हा हेच रामशास्त्री न्यायासनावर परत आले, हा कथेचा उत्तरार्ध मात्र गॅदरिंगमध्ये कोणी करून दाखवत नाही.

त्यातून आपल्याला एक सवय लागली. खरे बोलणे म्हणजे अंगरखा झटकून निघून जाणे, असे आपण धरून चाललो. निघून गेला तो बाणेदार, थांबला तो मिंधा. पण समोरचा नेता खुनी नसेल, उलट तो देशाला हवाच असेल, त्याच्यावर आपला जीव असेल आणि तरीही तो चुकत असेल, तर काय करायचे? घरात, संस्थेत, सहकारी सोसायटीत, पक्षात प्रत्यक्षात असाच पेच पडतो. तिथे रामशास्त्र्यांचे उदाहरण पुरत नाही. तिथे फैजपूर उपयोगी पडते.

लखनौचे भांडण

एप्रिल १९३६ मध्ये लखनौला नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाले. युरोपातून नुकतेच परतले होते. पत्नी कमला यांचे त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडे निधन झाले होते. लखनौच्या भाषणात त्यांनी जगाच्या आणि भारताच्या प्रश्नांना समाजवाद हेच उत्तर असल्याचे ठासून मांडले. कार्यकारिणीत त्यांनी आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण आणि आपल्या अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन या समाजवादी मंडळींना घेतले. बाकीची बहुसंख्या जुन्या, गांधीजींच्या मुशीतल्या माणसांची. म्हणजे एकाच कार्यकारिणीत दोन मराठी माणसे दोन बाजूंना बसली होती, इकडे शंकरराव देव आणि तिकडे अच्युतराव पटवर्धन.

शंकरराव काही पदासाठी भांडणारे गृहस्थ नव्हते. मुळशीच्या सत्याग्रहातून ते आलेले. पुढे ते संविधान सभेत गेले, संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष झाले, आणि चीन युद्धानंतर १९६३ मध्ये उतारवयात दिल्लीहून पेकिंगच्या दिशेने निघालेल्या मैत्रीयात्रेचे पुढारी झाले. युद्धाची जखम ताजी असताना अशा यात्रेला निघणारा माणूस लोकांना खूश करण्यासाठी बोलत नसतो, एवढे त्याच्या चरित्रावरून धरायला हरकत नाही.

सात जणांच्या जूनमधल्या पत्रात म्हणणे थोडक्यात असे होते: काँग्रेसने समाजवाद स्वीकारलेला नाही, अशा वेळी अध्यक्षांनी आणि समाजवादी सदस्यांनी त्याचा प्रचार केला तर स्वातंत्र्याच्या लढ्याचे नुकसान होईल. निवडणुका तोंडावर होत्या. १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतांत मतदान व्हायचे होते आणि मतदारांची संख्या पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली होती. पण खरी सल दुसरीकडे होती. पत्र मागे घेतल्यावर १ जुलैला राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना आणखी एक पत्र लिहिले, त्यात ती बाहेर आली. आमचा काळ संपला, आमचे विचार जीर्ण झाले, आम्ही देशाच्या वाटेतली धोंड आहोत, असे चित्र सतत उभे केले जाते, आणि तुमच्याकडून त्याला आडकाठी होत नाही, अशी ती तक्रार. मतभेद सिद्धान्ताचा होता, दुखणे अपमानाचे होते. ज्यांनी कधी कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीत काम केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

नेहरू दुखावले. आपणच राजीनामा द्यावा आणि सगळे प्रकरण अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे ठेवावे, असे त्यांच्या मनात आले. ५ जुलैला त्यांनी गांधीजींना लांबलचक पत्र लिहून मन मोकळे केले. एका बाजूचा राजीनामा नुकता मागे घेतलेला, दुसऱ्या बाजूचा मनात घोळणारा, आणि मधे वर्ध्याजवळच्या सेगावचा म्हातारा.

चार आण्याचाही सभासद नसलेला माणूस

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १९३४ च्या ऑक्टोबरात, मुंबईच्या अधिवेशनाच्या वेळी, गांधीजींनी काँग्रेस सोडली होती. चार आणे भरून होणारे साधे सभासदत्वही त्यांनी ठेवले नव्हते. कार्यकारिणीत जागा नाही, मत नाही, तिकीट वाटण्याचा अधिकार नाही. तरी दोन्ही बाजू त्यांच्याकडेच आल्या. प्रभाव त्यांचा अफाट होता, हे खरेच. पण त्यांना स्वतःसाठी काही नको आहे याची दोघांनाही खात्री होती, ते कारण मला जास्त मोठे वाटते.

त्यांनी नेहरूंना जुलै १९३६ मध्ये जी पत्रे लिहिली ती वाचताना आजही अंग चोरल्यासारखे होते. त्यांतला आशय असा. तुमचे सहकारी तुम्हांला घाबरतात. तुमचा धीटपणा आणि मोकळेपणा त्यांच्याजवळ नाही, म्हणून ते तुमच्याशी नीट बोलू शकलेले नाहीत. तुमचे रागावणे, तुमचा न्यायाधीशाच्या थाटातला सूर आणि आपण चुकूच शकत नाही, आपल्यालाच अधिक कळते, असे तुमच्या वागण्यातून त्यांना जे दिसत आले आहे ते, हे सगळे त्यांना बोचले आहे. ते असहिष्णु असतील, पण तुमच्या वाट्याला असहिष्णुता त्यांच्यापेक्षा जास्तच आली आहे. तुमच्या एकमेकांवरच्या रागाची किंमत देशाने का द्यावी?

हे वाक्य कोणाला लिहिले आहे ते पाहावे. त्या क्षणी गांधीजींच्या खालोखाल देशातल्या सर्वांत लोकप्रिय माणसाला, ज्याला ते वारसदार मानत होते त्याला. आणि लिहिणाऱ्याने स्वतःला बाजूला ठेवले नाही. अध्यक्षपदाचा काटेरी मुकुट तुमच्या डोक्यावर ठेवण्याची सूचना माझीच होती, डोके सोलवटले तरी तो काढू नका, असे त्यांनी लिहिले. पदावर तुम्ही या सगळ्यांच्या एकमताने आलात, खरी सत्ता अजून तुमच्या हातात यायची आहे, आणि ती लवकर यावी म्हणूनच तुम्हांला पदावर आणले, हेही सांगितले. मग एक सूचना केली, जी माझ्या मते साऱ्या पत्रव्यवहारातली सर्वांत शहाणी आहे: बैठकीत तुमचा विनोद परत आणा, तो तुमचा मूळ स्वभाव, चिंतेने काळवंडलेला, जरा खुट्ट झाले की भडकणारा माणूस हा तुमचा स्वभाव नाही.

कान उघडणारी माणसे पुष्कळ असतात, पण 'हे तुमचे खरे रूप नाही' असे सांगणारा विरळा. नेत्याला त्याचा दोष दाखवणे सोपे. दोषाखाली दबलेला त्याचा चांगला स्वभाव त्याच्यापुढे धरणे अवघड, कारण त्यासाठी तो माणूस बारा महिने तेरा काळ पाहिलेला असावा लागतो.

दुसऱ्या बाजूलाही त्यांनी मोकळे सोडले नाही. राजीनाम्याचे पत्र मागे घ्यायला सात जणांना त्यांनीच लावले. वर्ष संपेपर्यंत कोणी राजीनामा देणार नाही, कुरबुरी बंद, असा त्यांचा निकाल. आणि सर्वांना त्यांनी सांगितले, की या प्रकरणाकडे शोकनाट्य म्हणून पाहू नका, त्यात हसण्यासारखेही पुष्कळ आहे.

सात जणांनी राजीनामा मागे घेतला. म्हणणे मात्र मागे घेतले नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

सरदारांचे निवेदन

याचा पुरावा नोव्हेंबरात मिळाला. फैजपूरच्या अध्यक्षपदासाठी नावे आली तेव्हा पुन्हा नेहरू पुढे होते आणि सरदार पटेलांचेही नाव सुचवले गेले होते. सरदारांनी माघार घेतली, पण माघारीचे निवेदन काढून. काही महत्त्वाच्या बाबतीत माझी मते जवाहरलालजींच्या विरुद्ध आहेत, माझी माघार म्हणजे त्यांच्या सगळ्या मतांना होकार नव्हे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. आणखी पुढे जाऊन सांगितले, की काँग्रेसचा अध्यक्ष हुकूमशहा नसतो, तो बांधीव संघटनेचा प्रमुख असतो; कोणालाही निवडून दिले तरी संघटना आपले अधिकार त्याच्या स्वाधीन करत नाही. आणि तरीही, याच माणसाला निवडून द्या, असे प्रतिनिधींना आवाहन केले.

आजच्या पक्षांच्या कारभाराची सवय झालेल्या वाचकाला हे निवेदन परग्रहावरचे वाटेल. पाठिंबा आणि विरोध एकाच कागदावर, दोन्ही सहीनिशी. हे लिहिणारा माणूस निवडणुकीची सारी यंत्रणा हाताळणाऱ्या पार्लमेंटरी कमिटीचा प्रमुख होता, आणि त्याने ती यंत्रणा नेहरूंच्या दौऱ्यांमागे पूर्ण ताकदीने उभी केली.

नेहरूंनीही आपल्या बाजूने एक पाऊल मागे घेतले. माझी निवड म्हणजे समाजवादाला कौल, असे मानणे खुळेपणाचे होईल, असे त्यांनीच स्पष्ट केले.

तिलकनगर

अशा हवेत फैजपूर उजाडले. तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातले, यावल तालुक्यातले हे गाव. उत्तरेला सातपुडा, खाली तापीकाठची काळी जमीन, जवळचे रेल्वे स्टेशन सावदा. आज हा सगळा पट्टा केळीच्या नावाने ओळखला जातो. अधिवेशन इथे यावे म्हणून खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या बरोबरीची खानदेशातली मंडळी राबली. फैजपूरच्या महाविद्यालयाला आज धनाजी नानांचेच नाव आहे. साने गुरुजी गावोगाव पायी फिरून लोकांना जागे करत होते.

अधिवेशनाच्या जागेला नाव दिले तिलकनगर. ते उभे करण्याचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवले. त्यांना बोलावणे गेले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, की मी चित्रकार आहे, बांधकामातले मला कळत नाही. गांधीजींचे उत्तर असे, की मला पियानोचा उस्ताद नको, मनापासून वाजवणारा साधा वादक चालेल. नंदलाल आले, पण मुळातली कबुली विसरले नाहीत. वास्तुकाम म्हात्रे नावाच्या वास्तुविशारदाच्या हातात राहिले, आणि दोघांनी मिळून परिसरात मिळते तेवढ्यावर काम केले. कमानी बांबूच्या, भिंती तट्ट्यांच्या, छपरे गवताची, वर खेड्यातल्या टोपल्या आणि परड्या बांधून केलेली सजावट. २५ डिसेंबरला खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन करताना गांधीजींनी या साऱ्याचे श्रेय नंदलाल आणि म्हात्रे यांना दिले. मी कल्पना सांगितली, तिला रूप देणारा कलावंत मी नव्हे, असे त्यांनी त्या वेळी सांगितले.

अध्यक्षांची मिरवणूक नंदलालनी सजवलेल्या, बैलांच्या अनेक जोड्या जुंपलेल्या रथातून निघाली. खानदेशातले शेतकरी लाखाच्या घरात लोटले. मनमाडहून निघालेला किसानांचा एक जथा पायी चालत फैजपूरला पोहोचला, आणि किसान नेते प्रा. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचेही अधिवेशन तिथेच झाले.

त्या रथात बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर माणसे, प्रत्येकाच्या तोंडी आपले नाव. अशा वेळी डोक्यात वारे शिरले तर नवल नाही. त्या रथाच्या वाटेच्या टोकाला, मंडपाच्या दारात, ज्याने सहा महिन्यांपूर्वी आपल्याला राजीनामा दिला तो शंकरराव उभा आहे, हे नेहरूंना माहीत होते. मंडपात सरदार बसले आहेत, ज्यांचे निवेदन महिन्यापूर्वीच वर्तमानपत्रांत आले. आणि बाजूच्या झोपडीत तो म्हातारा आहे, ज्याने 'तुम्ही चुकूच शकत नाही असे तुम्हांला वाटते' असे लिहिले. जयजयकाराच्या मधोमध तीन-चार माणसे अशी, जी जयजयकारात सामील आहेत आणि तरीही त्याला भुललेली नाहीत. नेत्याला यापेक्षा मोठे संरक्षण नसते.

२७ आणि २८ डिसेंबरला खुले अधिवेशन झाले. नेहरूंचे फैजपूरचे भाषण लखनौच्या भाषणाशेजारी ठेवले की फरक दिसतो. समाजवादावरची निष्ठा त्यांनी लपवली नाही, पण भर दिला तो संविधान सभेवर, १९३५ चा कायदा नाकारण्यावर आणि काँग्रेसच्या झेंड्याखाली सगळ्यांनी एकत्र उभे राहण्यावर. शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला: सारा आणि खंड कमी करणे, न परवडणाऱ्या लहान जमिनींना साऱ्यातून सूट, वेठ आणि सरंजामी वसुल्या बंद, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, शेतमजुराला पोटापुरती मजुरी, किसान सभांना मान्यता. काँग्रेसने इतका तपशिलाचा शेती कार्यक्रम पूर्वी मांडला नव्हता.

पण या एकोप्याची किंमतही मोजावी लागली, ती लपवून चालणार नाही. निवडून आल्यावर मंत्रिपदे घ्यायची की नाहीत, हा त्या वर्षीचा खरा प्रश्न होता. नेहरू विरोधात, जुनी मंडळी बाजूने. फैजपूरने तो प्रश्न निवडणुकीनंतर पाहू म्हणून पुढे ढकलला. जमीनदारी रद्द करण्याचा उल्लेख शेतीच्या ठरावात आला नाही. मनमाडहून चालत आलेल्या किसानांतल्या कोणाला ही टाळाटाळ वाटली असेल तर त्याला दोष देता येणार नाही. स्पष्ट बोलणारे सहकारी नेत्याला कड्यावरून मागे ओढतात, आणि कधी कधी ज्या टेकडीवर त्याने चढायलाच हवे तिथूनही मागे ओढतात. मला वाटते, जमिनीच्या प्रश्नावर फैजपूरमध्ये दुसरे घडले.

निवडणुकीच्या दौऱ्यात नेहरू चार-एक महिन्यांत सुमारे पन्नास हजार मैल फिरले. रेल्वे, मोटार, विमान, घोडा, बैलगाडी, होडी, पायी. काँग्रेसला मोठे यश मिळाले आणि जुलै १९३७ मध्ये सहा प्रांतांत तिची मंत्रिमंडळे आली; मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. मंत्रिपदांच्या प्रश्नावर शेवटी जुन्या मंडळींचे म्हणणे चालले. नेहरूंनी निर्णय मानला.

चाणक्याचा लेख

आता जी गोष्ट येते तिच्यामुळे हे सारे प्रकरण मला लिहावेसे वाटले. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' नावाचा लेख आला. काँग्रेसच्या अध्यक्षाला तेव्हा राष्ट्रपती म्हणत. लेखक 'चाणक्य'. नेहरूंना तिसऱ्यांदा अध्यक्ष करू नका, असे त्याचे सांगणे. हा माणूस गर्दीवर स्वार होतो, त्याचा अहंकार आताच मोठा आहे, दुसऱ्यांविषयी तो असहिष्णु आहे, दुबळ्यांविषयी त्याला तुच्छता वाटते. लोकशाहीची भाषा बोलत असला तरी हुकूमशहा होण्याचे सारे गुण त्याच्यात आहेत, तेव्हा वेळीच आवरा. वाचकांनी तर्क लढवले. पुढे कळले, की चाणक्य म्हणजे स्वतः नेहरूच.

या लेखाची कौतुके पुष्कळ झाली आहेत. पण गांधीजींचे जुलै १९३६ चे पत्र आणि चाणक्याचा लेख शेजारी ठेवून वाचावेत. चिडखोरपणा, असहिष्णुता, आपल्यालाच कळते ही भावना: दोषांची यादी जवळजवळ तीच आहे. सोळा महिन्यांपूर्वी जे बाहेरच्याने सांगितले आणि जे वाचून हा माणूस विव्हळला होता, ते आता तो स्वतःच्या हाताने, स्वतःविरुद्ध लिहीत होता. पत्राने लेख घडवला, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण रागाने फाडून टाकलेल्या पत्रातून असा लेख येत नाही. ते पत्र त्याने मनात ठेवले होते.

आणि कागदही ठेवला होता. १९५८ मध्ये, पंतप्रधान असताना, नेहरूंनी आपल्याला आलेल्या जुन्या पत्रांचा संग्रह छापला. त्यात सात जणांचा राजीनामा आहे, राजेंद्रप्रसादांची तक्रार आहे, गांधीजींची जुलैमधली पत्रे आहेत, आणि सुभाषबाबूंचे १९३९ चे ते प्रदीर्घ, जळजळीत पत्रही आहे. सत्तेच्या शिखरावर बसलेल्या माणसाने आपल्यावरचे आरोपपत्र स्वतःच प्रसिद्ध केले. खरे सांगणाऱ्याचे धैर्य आपण गातो. ऐकणाऱ्याचे हे धैर्यही गायला हवे, कारण त्याच्यावाचून पहिले वाया जाते.

जिथे मध्यस्थ उरला नाही

हीच रीत नेहमी चालते असे मात्र नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये पुन्हा कार्यकारिणीतल्या बहुतेक सदस्यांनी सामुदायिक राजीनामा दिला, पुन्हा त्यात शंकरराव देव होते. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. या वेळी राजीनामे मागे घेतले गेले नाहीत आणि एप्रिलअखेर सुभाषबाबूंनाच पद सोडावे लागले. माणसे तीच, कागद तसाच, मग शेवट वेगळा का? १९३६ मध्ये गांधीजी दोघांच्या मधे होते. १९३९ मध्ये ते एका बाजूचे झाले होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंविरुद्ध उभ्या राहिलेल्या पट्टाभींचा पराभव हा माझा पराभव, असे त्यांनी जाहीरच केले होते. दोन्हीकडच्या माणसाला त्याच्या तोंडावर खरे सांगू शकेल असा कोणी उरला नाही. माझ्या मते त्या वर्षी देशाचे जे नुकसान झाले त्यात गांधीजींचा वाटा मोठा आहे.

मग गांधीजींना कोण सांगत होते? रवींद्रनाथांनी अनेकदा सांगितले. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई तर रोजच वाद घालत. पण खानदेशाच्या वाट्याला याचे एक उदाहरण आले, ते साने गुरुजींचे.

गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आज आपल्या हातात आहेत. गांधीजी त्यांचे दैवत होते, यात शंका नव्हती. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून प्राणांतिक उपोषण सुरू केले. महाराष्ट्रभर दौरा करून, हजारो सह्या घेऊन ते या टोकाला आले होते. मंदिर उघडण्याचा कायदा होणारच आहे, मग उपोषण कशाला, असे काँग्रेसमधल्या अनेकांना वाटत होते. गांधीजींपर्यंत गोष्ट गेली ती याच रूपात. त्यांची तार आली: उपोषण सोडा.

या वेळी तारेला नाही म्हणण्यासाठी काय लागले असेल? गुरुजींचा स्वभाव हळवा, शब्दाशब्दाला डोळ्यांत पाणी येणारा. सरदारांसारखा बर्फासारखा थंड आत्मविश्वास त्यांच्याजवळ नव्हता. तरी ते थांबले नाहीत. आपली बाजू त्यांनी नम्रपणे कळवली आणि उपोषण चालू ठेवले. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडव्यांनी प्रवेशाला मान्यता दिली, आणि १० मे रोजी उपोषण सुटले. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याच्याकडे खबर अर्धवट गेली आहे, हे गुरुजींना दिसत होते. अशा वेळी आज्ञा पाळणे म्हणजे आपल्या दैवताला चुकीच्या माहितीच्या हवाली करणे, हे त्या हळव्या माणसाला बरोबर उमगले होते.

इथे कोणाच्या मनात येईल, की मग गुरुजींनी गांधीजींना सोडले का? ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी मराठी भाषक होता, याची लाज आणि दुःख मनात घेऊन गुरुजींनी फेब्रुवारीत एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. तोवर मुंबईत आणि दिल्लीत जी माणसे मंत्री झाली होती, त्यांतले कितीतरी जण त्यांच्याबरोबर तुरुंगात राहिलेले होते. गुरुजी आता समाजवाद्यांत होते, आणि त्या जुन्या सोबत्यांशी त्यांचे बोलणे दर आठवड्याला छापून निघू लागले.